भीती किरणांची, विष कलपाचे

बालाघाटच्या डोंगररांगांत, सोलापूर-धुळे महामार्गावर वसलेले येरमाळा हे धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील गाव चैत्री पौर्णिमेला माणसांनी फुलून जाते. येडेश्वरीच्या, भाविकांच्या लाडक्या येडाईच्या, दर्शनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि कर्नाटकातूनही लोक लोटतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून उतरून आमराईकडे निघते आणि वाटेतल्या रानात लक्षावधी हात चुनखडीचे खडे वेचू लागतात. येडाईची यात्रा चुना वेचल्याशिवाय पुरी होत नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे.

या चुन्याचे आणि रंगाचे नाते फार जुने आहे. चुनखडी भाजली की चुना होतो आणि हळदीवर चुन्याचा संस्कार झाला की पिवळी हळद लाल होते. तेच कुंकू. हळदीतील रंगद्रव्य क्षाराच्या सान्निध्यात आपला वर्ण बदलते, हे रसायनशास्त्राच्या पुस्तकात लिहिले जाण्याच्या कितीतरी आधी आपल्या घराघरांतील स्त्रियांना ठाऊक होते. रंग म्हणजे रसायन आणि रसायन म्हणजे जपून हाताळायची वस्तू, हा विवेक त्या ज्ञानात होता. चुना भाजणाऱ्याला तो डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही हे सांगावे लागत नसे.

आज मात्र हा विवेक दोन्ही बाजूंनी सुटताना दिसतो. महाराष्ट्रातील कोणत्याही यात्रेच्या किंवा आठवडी बाजारात फेरफटका मारावा. कुंकवाच्या राशींशेजारी मेंदीचे कोन, ‘काळी मेंदी’च्या पुड्या आणि काही मिनिटांत केस काळेभोर करण्याची हमी देणारे कलप मांडलेले असतात. ते विकत घेणाऱ्यांत दोन समजुती प्रचलित आहेत. पहिली अशी की, पुडीवर पान छापलेले आहे, ‘नैसर्गिक’ असे लिहिलेले आहे, म्हणजे ती निर्धोक असणारच. दुसरी समजूत सुशिक्षितांत अधिक आढळते. मेंदीत आणि केसांच्या रंगांत किरणोत्सारी द्रव्ये सापडतात असे कुठेतरी वाचनात येते आणि मनात भय बसते. एक समजूत डोळे झाकून विश्वास ठेवते, दुसरी डोळे झाकून भिते. दोघींनाही मोजमाप नको आहे, आणि नेमके तेच आज हवे आहे.

प्रथम किरणोत्साराचा प्रश्न निकालात काढणे इष्ट ठरेल. मेंदीत किरणोत्सार असतो काय? असतो. तो भाकरीत असतो, केळ्यात असतो, येरमाळ्याच्या रानातील चुनखडीच्या खड्यात असतो आणि तो खडा वेचणाऱ्या हातातही असतो. वनस्पतीला जगण्यासाठी पोटॅशियम लागते, ते ती मातीतून घेते. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे सुमारे एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो. त्याचे अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचे. पृथ्वी घडली तेव्हापासून तो मातीत आहे. त्याच्या जोडीला युरेनियम आणि थोरियम यांच्या कुळातील मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात प्रत्येक मातीत असतात आणि मुळांवाटे किंवा धुळीवाटे पानांपर्यंत पोहोचतात. पश्चिम आशियातील संशोधकांनी मेंदीच्या व केसांच्या रंगांच्या नमुन्यांत यांचीच मोजणी केली आहे.

परंतु ‘आहे’ आणि ‘अपाय करण्याइतके आहे’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एका सेकंदात एका अणूचे विघटन झाले तर त्याला एक बेकेरेल म्हणतात. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सुमारे ३१ बेकेरेल एवढी सक्रियता असते. वाळल्या पाल्यात पोटॅशियम शेकडा एक ते दोन भाग धरले, तर १०० ग्रॅम मेंदीत ३० ते ६० बेकेरेल होतात. आता दुसरा हिशेब पाहावा. सत्तर किलो वजनाच्या प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे ४,००० बेकेरेलहून अधिक सक्रियता तो जन्मभर स्वतःच्या देहात वागवतो. तासा-दोन तासांसाठी डोक्यावर थापलेल्या आणि नंतर धुऊन टाकलेल्या मेंदीने त्यात पडणारी भर शोधण्यासाठी भिंग घेऊन बसावे लागेल.

निसर्गातून माणसाला मिळणारी किरणोत्साराची वार्षिक मात्रा जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. ती कुठे कमी, कुठे जास्त. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब आहे. त्यामुळे मराठवाड्याच्या भूमीला त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. याउलट केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइटची वाळू आहे. तेथील करुनागपल्ली भागातील लोकांचा अनेक वर्षे अभ्यास झाला आणि नैसर्गिक किरणोत्सार अधिक असूनही त्यामुळे कर्करोग वाढल्याचे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले नाही. मग मेंदीच्या पुडीतील काही बेकेरेलांनी कुणाची झोप उडावी?

किरणोत्साराची खरी चिंता असते ती माणसाने तो मुद्दाम मिसळल्यावर. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये ‘थो-रादिया’ नावाची सौंदर्यप्रसाधने विकली जात. त्यांत थोरियम व रेडियम असल्याची जाहिरात अभिमानाने केली जाई, कारण त्या काळी किरणोत्सार म्हणजे चैतन्य असा समज होता. आजही ‘ऋणभारित आयनां’च्या नावाने लॉकेटे आणि पट्टे विकले जातात. २०२१ साली नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने अशा काही वस्तू किरणोत्सारी असल्याचे जाहीर करून लोकांना त्या न वापरण्यास सांगितले. म्हणजे नियम सोपा आहे. मातीने पानाला दिलेल्या कणाला भिऊ नये. चमत्काराच्या नावाने कुणी काही मिसळत असेल, तर मात्र सावध व्हावे. आणि हाच नियम मनात ठेवून केसांच्या कलपाकडे वळले, तर खरा धोका स्पष्ट दिसू लागतो.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. ते केसांना आणि तळव्यांना तांबूस, नारिंगी, फार तर तपकिरी लाल रंग देते. काळा रंग देण्याची शक्ती त्याच्यात नाही. हे एक वाक्य प्रत्येक घरात पाठ असावे: जी मेंदी एका बैठकीत केस काळेभोर करते, ती नुसती मेंदी नव्हे. तिच्यात आणखी काही आहे. बहुतेक वेळा ते असते पॅराफेनिलिनडायअमाइन, संक्षेपाने पीपीडी.

या रसायनाचे कुळ डांबराचे. दगडी कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात बहरली. त्याच विद्येतून १८९७ साली जर्मनीत कारखान्यातील नीळ बाजारात आली आणि हिंदुस्थानातील नीळ उद्योगाला उतरती कळा लागली. त्याच कुळातील पीपीडीचा केसांसाठी उपयोग फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात सुरू झाला. त्याचे कार्य चतुर आहे. पीपीडीचा रेणू लहान आणि जवळजवळ रंगहीन असतो. तो केसाच्या आत शिरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाल्यावर हे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठा, गडद रेणू तयार होतो आणि तो आत अडकून पडतो. म्हणून कलप पाण्याने जात नाही. परंतु ही जोडणी अपुरी राहिली की उरलेला पीपीडी टाळूच्या त्वचेत शिरतो, आणि शरीराच्या संरक्षक यंत्रणेने त्याला एकदा शत्रू म्हणून ओळखले की ती ओळख सहसा जन्मभर पुसली जात नाही. मग प्रत्येक वेळी खाज, फोड, पापण्यांना सूज, कधी सारा चेहरा ओळखू येऊ नये असा. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली याच द्रव्याला वर्षातील प्रमुख ॲलर्जीकारक ठरवले होते.

अमेरिकेने या रसायनाची किंमत त्याच्या फार आधी मोजली होती. १९३३ च्या सुमारास तेथे पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश-ल्युअर’ नावाच्या प्रसाधनाने काही स्त्रियांची दृष्टी हिरावली आणि एकीचा बळी घेतला. त्या धक्क्याने १९३८ चा नवा कायदा होण्यास हातभार लागला. पापण्या आणि भुवया कलपाने रंगवू नयेत, अंधत्व येऊ शकते, हा इशारा आज भारतातही कलपाच्या वेष्टनावर छापावा लागतो, त्यामागे त्या स्त्रियांचे डोळे आहेत.

युरोपीय संघाने केसांवर प्रत्यक्ष लावावयाच्या मिश्रणात पीपीडीचे प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ नये असे बंधन घातले आहे. हातावर लावायच्या ‘काळ्या मेंदी’च्या काही नमुन्यांत परदेशी तपासण्यांत ते १५ टक्क्यांहून अधिक आढळले आहे. लग्नात किंवा जत्रेत हौसेने काढलेल्या काळ्या नक्षीमुळे लहान मुलीच्या हातावर फोड येतात, ते बरेही होतात आणि प्रकरण विसरले जाते. शरीर मात्र विसरत नाही. वीस वर्षांनी ती पहिल्यांदा कलप लावते तेव्हा चेहरा सुजून रुग्णालयात जाण्याची पाळी येते, आणि त्याचा संबंध बालपणीच्या त्या नक्षीशी असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

याहून भीषण प्रकार म्हणजे कलप पोटात जाणे. सुदानात आणि मोरोक्कोत अशा विषबाधेचे रुग्ण पूर्वीपासून नोंदले गेले आहेत. भारतात झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी बुंदेलखंडातील शेकडो रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूतील रुग्णालयांचाही अनुभव तोच आहे. काही तासांतच चेहरा, जीभ व मान सुजते, श्वास कोंडतो. नंतर स्नायू झिजून लघवी काळपट होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. यावर नेमका उतारा उपलब्ध नाही. वेळेवर श्वासमार्ग मोकळा करणे आणि मूत्रपिंडे सांभाळणे हाच उपाय आहे. म्हणून घरगुती उपचारांत एक घटकाही न दवडता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवले पाहिजे. किराणा दुकानात सहज मिळणारी ही पुडी अजाण लेकराच्या किंवा मनाने खचलेल्या माणसाच्या हाताशी असता कामा नये. औषधांप्रमाणे ती कुलपात असावी. खचलेल्या माणसाजवळ मात्र आपले माणूस असावे. त्याला कुठलेही कुलूप पर्याय नाही.

तिसरा प्रश्न कर्करोगाचा. येथेही भय आणि तथ्य वेगळे करावे लागते. कलपात पूर्वी वापरली जाणारी काही द्रव्ये प्रयोगशाळेतील प्राण्यांत कर्करोगकारक ठरल्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उत्पादकांनी ती बदलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात स्वतःच्या केसांना कलप लावणाऱ्यांच्या बाबतीत ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे नमूद केले. मात्र केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्यांचा या द्रव्यांशी येणारा रोजचा संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवला. मूत्राशयाच्या कर्करोगाकडे त्यात विशेष लक्ष वेधले आहे.

या निष्कर्षाचा सामाजिक अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. महिन्यातून एकदा कलप लावून घेणारा गिऱ्हाईक खुर्चीवरून उठून जातो. त्याच्यामागे दुसरा बसतो, तिसरा बसतो. उघड्या हाताने, कोंदट दुकानात, वर्षानुवर्षे ते द्रव्य कालवणारा नाभिक बांधव किंवा सौंदर्यप्रसाधनगृहात राबणारी तरुणी यांच्या कातडीवर आणि श्वासात ते साचत राहते. इतरांना देखणे करणाऱ्या या हातांना हातमोज्यांची साधी जोडी मिळू नये, हे समाजाला शोभत नाही. कलप लावून घेणाऱ्याने ‘मोजे घाला, थांबतो मी’ एवढे म्हटले तरी पुष्कळ काम होईल.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनी प्रसाधनांत शिसे दशलक्षात २० भाग आणि आर्सेनिक दशलक्षात २ भाग अशी मर्यादा घातली आहे. पीपीडी वा अन्य रंगद्रव्ये असलेल्या कलपावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा असलाच पाहिजे असेही नियम सांगतात. त्यासोबत चाचणीची पद्धतही द्यावी लागते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा कलप लावून चोवीस तास थांबायचे. जळजळ, खाज वा सूज आली नाही तरच तो डोक्याला लावायचा, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करायची. बाजारातल्या किती पुड्यांवर हा मजकूर मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत आहे, हे वाचकांनी स्वतः तपासून पाहावे. प्रसाधने बनवायला परवाना लागतो, किरकोळ विकायला लागत नाही. त्यामुळे जत्रेतल्या पालापर्यंत अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाचा हात पोहोचणे अवघड असते. तेथे ग्राहकाची जागरूकता हाच पहिला निरीक्षक होय.

‘मग आपले ते सगळे चांगले आणि कारखान्याचे ते सगळे वाईट’ असा सोयीचा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे अनेकांना होईल. तो आवरला पाहिजे. राजस्थानातील सोजतच्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. मेंदीनंतर निळीच्या पाल्याचा लेप देऊन केस गडद करण्याची जुनी रीत पुन्हा रुळते आहे, तीही स्वागतार्ह. पण शुद्ध मेंदीदेखील सर्वांना सारखी मानवत नाही. जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगाला मेंदी लावल्यास त्याच्या रक्तपेशी फुटून जिवावर बेतू शकते. मेंदीचा रंग लवकर चढावा म्हणून तिच्यात कृत्रिम रंग मिसळण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. ‘नैसर्गिक’ हे विशेषण आहे, प्रमाणपत्र नव्हे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांवर तर याची दुप्पट जबाबदारी येते. आपल्या मेंदीच्या नावावर कुणी डांबरकुळातील रसायन खपवत असेल, तर त्यात परंपरेचीच फसवणूक आहे. ती उघड करण्याचे काम परंपरेच्या अभिमान्यांनीच पुढे होऊन केले पाहिजे.

आरोग्याच्या प्रश्नाला तर्काने नव्हे, तपासणीने उत्तर द्यायचे असते, याचा धडा महाराष्ट्राने नुकताच घेतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आदी गावांत माणसांचे केस मुळासकट हातात येऊ लागले. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शांपूला. गावकऱ्यांना अवहेलना सोसावी लागली. पुढे महाडचे विख्यात वैद्यक संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम फार वाढलेले आढळल्याचे सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. सेलेनियम हेही निसर्गातलेच द्रव्य. अल्प मात्रेत ते शरीराला आवश्यक, अधिक झाले की विष. कुतर्कांच्या कोलाहलात नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पाठवणारा एक माणूस शंभर अफवांवर भारी पडतो.

हाच मार्ग कलपाच्या बाबतीत अनुसरायला हवा आणि त्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी यात्रेतील पाणपोई आणि आरोग्यसेवा केंद्रांसोबत चार ओळींचा एक फलक लावावा: काळी मेंदी लहान मुलांच्या हातावर नको, चाचणीशिवाय कलप नको, पापण्या-भुवयांना कदापि नको, पुडी मुलांच्या हाती नको. महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांनी स्थानिक बाजारातील पुड्यांचे नमुने तपासून त्यांचे निष्कर्ष अन्न व औषध प्रशासनाकडे द्यावेत. महिला मंडळांच्या हळदीकुंकवाच्या समारंभात वाणाबरोबर ही माहितीही वाटली जावी. नाभिक बांधवांच्या संघटनांच्या साह्याने हातमोजे आणि हवेशीर दुकान यांचा आग्रह धरला जावा.

केस पांढरे होणे हा रोग नाही आणि ते काळे करणे हा अपराधही नाही. ज्याला कलप लावायचा त्याने तो जरूर लावावा. न लावणाऱ्याला कुणी म्हातारा म्हणून हिणवू नये. प्रश्न एवढाच आहे की, डोक्यावर काय थापले जाते आहे हे त्या डोक्याला ठाऊक असावे. कोट्यवधी वर्षांपूर्वी मातीत आलेल्या किरणांना भिऊन कुणाचे रक्षण होणार नाही, आणि कालपरवा पुडीत मिसळलेल्या रसायनाकडे काणाडोळा करूनही होणार नाही. जे मोजता येते ते मोजावे, पुडीवर जे छापले आहे ते वाचावे आणि जे छापायला हवे होते पण छापलेले नाही त्याचा जाब विचारावा. विज्ञाननिष्ठेची सुरुवात घरातल्या आरशासमोरूनही होऊ शकते.